तेल खाली नाही

उदयसिंहराव सरकारांनी मला मोटारीच्या कामावर नेमलं, कारण मला इंग्रजी येत होतं. मोटारीतलं मला काही येत नव्हतं, पण ते कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगायला गेलो नाही. बडोद्यात रावपुऱ्यात त्यांची खासगी कचेरी होती, तिथे मी पत्रव्यवहार पाहत असे. सन चौतीसच्या सुरुवातीला विलायतेहून त्यांची काळी, लांबलचक गाडी आली, आणि गाडीबरोबर दीडशे पानांचं इंग्रजी पुस्तक आलं. सरकार म्हणाले, दामोदरपंत, गाडी सुभानराव सांभाळतील, पुस्तक तुम्ही सांभाळा.

सुभानराव म्हणजे सरकारांचे ड्रायव्हर. त्यांचं घराणं शिलेदारांचं. आजोबा घोड्यावर, वडील सरकारांच्या सरदार घराण्याच्या चार घोड्यांच्या गाडीवर, आणि हे स्वतः आधी त्याच गाडीवर आणि मग एकामागून एक तीन मोटारींवर. महाराजांच्या दसऱ्याच्या सवारीत या सरदारांची गाडी निघाली की पुढे यांच्याच घरातलं माणूस, असं तीन पिढ्या चाललेलं. वय छप्पन्न, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. मला ते पंत म्हणत, आणि पंत म्हणताना किंचित थांबत. ते थांबणं मला आवडत नसे.

ही गाडी सरकारांनी घेतली तीच मुळात सवारीसाठी. सवारीत पुढे हत्ती चालतात, आणि हत्ती काही मोटारीच्या सोयीने चालत नाहीत. जुन्या गाडीला दर दहा पावलांना धक्के बसत आणि आत बसलेल्या सरकारांचा तुरा हले. नव्या गाडीत ती भानगड नव्हती. गियर आधी हाताने निवडून ठेवायचा आणि हवा तेव्हा डाव्या पायाने पेडल दाबायचं, की तो आपसूक पडे. इंजिन आणि गियरच्या मध्ये समोरासमोर ठेवलेल्या दोन वाट्यांसारखं एक चाक होतं, त्यात तेल भरलेलं. एक वाटी फिरली की तेल फिरे, आणि तेलाच्या जोरावर दुसरी वाटी फिरे. लोखंडाला लोखंड लागतच नसे. सुभानरावांना मी हे पुस्तकातून वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी वाकून गाडीच्या पुढच्या चाकाकडे पाहिलं. मग म्हणाले, म्हणजे एवढी अवजड गाडी नुसत्या तेलाच्या भरवशावर चालते. मी म्हणालो, हो. समजलं मलाही नव्हतं.

त्या काळी बडोद्यात भाषांतराचं वारं होतं. दरबारच्या कचेऱ्यांत इंग्रजी शब्दाला आपला शब्द शोधत लोक डोकी खाजवत बसत. सरकारांच्या मनाने घेतलं की गाडीचं पुस्तकही मराठीत व्हावं. मला तेच हवं होतं. मी त्या तेलाच्या चाकाला 'द्रवचक्र' म्हटलं आणि दोन दिवस स्वतःवर खूश होतो. सगळं पुस्तक काही झालं नाही, पण दर आठवड्याला गाडीचं काय काय तपासायचं, याचा अकरा कलमांचा एक सुबक कागद मी तयार केला. चौथं कलम असं होतं: 'पायाखालची फळी काढावी. द्रवचक्र हाताने फिरवून त्याचे बूच खुणेपाशी आणावे. बूच काढून, तेल काठाच्या खाली आहे काय हे पाहावे. खाली असल्यास काठापर्यंत भरावे.' हे चाक थोडं थोडं तेल बाहेर टाकत राहतं, म्हणून दर आठवड्याला पाहायचं, असंही पुस्तकात दिलं होतं.

तपासणी करायला वाडी भागातला गुणवंत मिस्त्री येई. जातीचा लुहार, हात सोन्यासारखा. त्याला गुजराती वाचता येई, मराठी वाचता येत नसे, पण बोलता उत्तम येई. बडोद्यातलं कोण दोन्ही बोलत नाही? तो आमच्याशी आदराने मराठीत बोले आणि आम्ही त्याच्याशी सलगीने गुजरातीत. दर सोमवारी सकाळी तो गाडीखाली शिरे आणि मी पांढरा कोट आणि काळी टोपी सांभाळत कडुनिंबाखाली उभा राहून कागद वाचे. जवळ जात नसे, कारण एकदा गेलो होतो आणि धोतरावर उडालेला डाग रमाकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, तीन धुण्यांत गेला नव्हता. पहिल्या सोमवारी मी चौथं कलम पूर्ण वाचलं असावं. वाचलं की नाही, हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सोमवारपासून मात्र मी एवढंच विचारत असे, "चार. तेल खाली?"

गुणवंत बूच काढून आत सळई बुडवी, ती बाहेर काढून बघे आणि म्हणे, "खाली नाही, साहेब."

मी चौथ्या कलमापुढे लिही: खाली नाही. मग पाचवं कलम. मागच्या आसातलं तेल, लांब दांड्याचे सांधे, ग्रीस, सगळं तो मन लावून करी. उन्हाळा गेला, पाऊस आला आणि गेला. कागदावर सगळीकडे 'ठीक' आणि 'खाली नाही' अशा ओळी साचत गेल्या. सरकार एकदा तो गठ्ठा चाळून म्हणाले की पंत, गाडी कशी ठेवावी ते तुमच्याकडून शिकावं. मी आठ दिवस छाती काढून चालत होतो.

भाद्रपदात सुभानराव एकदा कचेरीच्या दाराशी आले. ते सहसा येत नसत. म्हणाले, "पंत, गाडी विचार करते."

मी विचारलं, म्हणजे काय करते? ते म्हणाले की पाय दिला की इंजिन ओरडतं, पण गाडी लगेच निघत नाही, जावं की न जावं असं करते. विश्वामित्री नदीच्या पुलाचा चढ तर नकोसा झालाय. मी पुस्तक उघडलं. पुस्तकात या दुखण्याची दोनच कारणं दिली होती. एक, चाकातलं तेल कमी असणं. दोन, चालकाने पेडल अर्धवट दाबणं. मी कागदांचा गठ्ठा काढला. सत्तावीस सोमवार, सत्तावीस वेळा 'खाली नाही'. पहिलं कारण निकालात निघालं. मग उरलं दुसरं.

सुभानरावांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. म्हणाले, मी पुरा दाबतो. मी म्हणालो, तुम्हाला वाटत असेल. ते म्हणाले, पंत, एकदा शेजारी बसून बघा. मला त्या दिवशी दोन पत्रं टपालात टाकायची होती. मी बघतो म्हणालो आणि बसलो नाही.

यानंतर जो गोंधळ झाला तो मला नीट क्रमाने आठवतही नाही. कोणी म्हणालं पेट्रोलात पाणी आहे, म्हणून पेट्रोल बदललं. कोणी म्हणालं हवा दमट आहे. गियरचे पट्टे आवळून झाले, ते फार आवळले म्हणून परत सैल करून झाले. गुणवंत बिचारा गियरच्या पेटीपासून मागच्या चाकांपर्यंत सगळं उघडून, पुसून, ग्रीस भरून, पुन्हा लावून बसे आणि डोकं खाजवी. सगळं चोख होतं आणि गाडी चालत नव्हती. सरकारांच्या आईसाहेबांनी लिंबू-मिरच्या बांधायला लावल्या, त्या पहिल्याच दिवशी इंजिनाच्या उष्णतेने सुकल्या. एक दिवस गाडी बरी चाले, दोन दिवस रडे. थंड असताना एक वागणूक, तापल्यावर दुसरी. मी रोज पुस्तक वाचे आणि रोज मला आदल्या दिवसापेक्षा कमी समजे.

अखेर सरकारांनी मलाच विचारलं की पुस्तक काय म्हणतं. तोंडी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी लेखी दिलं, मोत्याच्या दाण्यांसारख्या अक्षरात: 'द्रवचक्रातील तेल दर आठवड्यास पाहिलेले असून ते खाली नाही. सबब दोष यंत्राचा नसून चालकाच्या पायाचा दिसतो.' खाली माझी सही.

मग ठरलं ते असं. सरकारांच्या जावयांनी मुंबईहून दत्तात्रेय नावाचा एक जवान ड्रायव्हर पाठवला होता. खंडेनवमीच्या दुपारी त्याने सरकारांसमोर गाडी चालवून दाखवायची. त्याच्या हाताखाली ती नीट चालली, तर दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या सवारीत तोच बसणार. सुभानरावांना सरकार निवृत्तिवेतन देणार होते, घरही राहणार होतं. पोटाचं काही जात नव्हतं. जात होती ती जागा.

सुभानरावांनी सरकारांपुढे मान लववली आणि बाहेर येऊन मला गाठलं. दरवर्षी ते सवारीचं पागोटं आठ दिवस आधी नव्याने बांधायला टाकत. म्हणाले, "पागोटं बांधायला टाकू की नको, तेवढं सांगा."

मी बघतो म्हणालो आणि कचेरीत शिरलो. नंतर दोनदा मी त्यांना गाडीखान्यात पाहिलं. पेटाऱ्यावर बसून ते समोर ठेवलेल्या विटेवर डावा पाय दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. मी खिडकीतून मागे सरलो. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण कागदावर होतं ते होतं.

नवमीच्या दिवशी सकाळी मी घरी होतो. रमा दसऱ्याचे बेसनाचे लाडू करणार होती. दारात तूपवाला आला होता आणि ती त्याच्याशी गुजरातीत भावाची घासाघीस करत होती. बोलता बोलता मान वळवून मला म्हणाली, "अहो, तुपाचा डबा खाली आहे का बघा."

मी स्वयंपाकघरात गेलो. फडताळाच्या खालच्या खणात पाहिलं. डबा तिथे नव्हता. मी ओरडून सांगितलं, "खाली नाही." तिने तूपवाल्याला वाटेला लावलं. थोड्या वेळाने बेसन चुलीवर चढलं, तिने वरच्या खणातला डबा काढला, आणि डब्यात तळाला बोटभर तूप.

रमाचा आवाज शेजारच्या दोन घरांत गेला असेल. खाली नाही म्हणालात ना? मी म्हणालो, नव्हताच खाली, वर होता. ती म्हणाली, खाली म्हणजे रिकामा हो. डबा खाली आहे का विचारलं मी, डबा कुठे आहे ते नाही विचारलं. मी म्हणालो, मग रिकामा म्हणायचं. ती म्हणाली, तूपवाल्याशी बोलत होते, तोंडात आलं तेच. जन्म बडोद्यात गेला तुमचा, तुम्हाला खाली कळत नाही?

कळत होतं. लहानपणापासून कळत होतं. आई म्हणे, भांडं खाली ठेव, तेव्हा मी ते जमिनीवर ठेवत असे. बाजारात दुकानदार म्हणे, डबो खाली छे, तेव्हा मी दुसऱ्या दुकानात जात असे. आयुष्यात कधी चूक झाली नाही. मी हसायला लागलो आणि हसता हसता थांबलो. बेसन करपायला लागलं होतं आणि रमा काहीतरी म्हणत होती, आणि माझ्या कानात गुणवंतचा आवाज होता: खाली नाही, साहेब.

मी तसाच निघालो. टोपी घ्यायची राहिली. टांगा करून वाडीत गुणवंतच्या दुकानी पोचलो आणि धापा टाकत विचारलं, "गुणवंतभाई, तू ती सळई बुडवतोस, तेव्हा काय बघतोस?"

तो म्हणाला, सळईला तेल लागतं की नाही ते बघतो. मी विचारलं, किती लागतं? तो म्हणाला, पहिल्यांदा वीतभर लागायचं, आता दोन बोटं लागतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? गुणवंत चकित झाला. गोंधळात त्याचं मराठीही सुटलं.

"दामोदरभाई, तमे दर सोमवारे पूछता, तेल खाली? खाली तो नहोतुं. ओछुं हतुं."

रिकामं नव्हतं. कमी होतं. विचारलं असतं तर त्याने बोटं मोजून सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं. सहा महिने दर सोमवारी आम्ही दोघं एकमेकांशी एकाच शब्दात बोलत होतो, दोघंही खरं बोलत होतो, आणि चाकातलं तेल थेंब थेंब जमिनीत जात होतं. गाडीखाली रोज सकाळी डाग दिसे. मला वाटे, मोटार म्हटलं की डाग पडायचाच.

आम्ही गाडीखान्यात आलो. सरकारांच्या घरी खंडेनवमीला तलवारी आणि जुन्या बंदुकांबरोबर मोटारीचे पानेही पाटावर मांडत, हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूच्या माळा घातलेल्या. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नसे. गुणवंतने स्वतःचे पाने आणले होते, त्याच्याकडे हत्यारांची पूजा दसऱ्याला. त्याने फळी काढली, चाक फिरवून बूच खुणेपाशी आणलं. या वेळी मी जवळ गेलो, गुडघ्यांवर बसलो आणि आत डोकावलो. काठ दिसत होता. तेल दिसत नव्हतं. तीन बाटल्या तेल आत गेलं तेव्हा कुठे ते काठाशी येऊन थरथरलं. गुणवंतने बूच लावलं, हात पुसले आणि विचारलं की सरकारांना काय सांगायचं.

मी म्हणालो, काही नाही. गाडी आता चालेल, सगळे खूश होतील, विषय संपेल. तेव्हा मला हे अगदी शहाणपणाचं वाटलं. गाडी सुधारली की सुभानरावही आपोआप सुटतील, असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. माझी सही असलेला कागद सरकारांच्या टेबलावर होता, हेही डोक्यात होतं. गुणवंतला हायसं वाटलं असावं, पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

दुपारी सरकार अंगणात खुर्ची टाकून बसले. दत्तात्रेय कडक इस्त्रीचे कपडे घालून आला. सुभानराव एका बाजूला, हात पुढे बांधून. दत्तात्रेयने गियर निवडला, पेडल दाबलं, आणि गाडी निघाली ती कढईतला पाक ओतावा तशी. हत्तीच्या चालीने त्याने अंगणाला फेऱ्या घातल्या, थांबला, निघाला, थांबला, निघाला. धक्का नाही, ओरडा नाही. फाटकाबाहेर जाऊन तो विश्वामित्रीच्या पुलापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, गाडीत काही दोष नाही, सरकार, चढावर सुद्धा नाही.

सरकार माझ्याकडे वळून म्हणाले की पंत, तुमचं पुस्तक बरोबर होतं.

आता कुठे माझ्या लक्षात आलं की मी सकाळी काय करून ठेवलं. गाडी दुरुस्त करून मी सुभानरावांचा दोष पक्का केला होता. काल निदान शंका तरी होती, आज अंगणभर लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि सुभानरावांनीही पाहिलं होतं. त्यांनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "खरं आहे, सरकार. पायच गेला माझा. मला कळलं नाही."

ते रागाने म्हणाले असते तर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण त्यांना खरंच तसं वाटत होतं. महिनाभर त्या माणसाने गाडी काय करते ते नेमकं सांगितलं होतं, आणि आता स्वतःच्या पायावरचा त्याचा विश्वास माझ्या एका कागदाने काढून घेतला होता.

मी म्हणालो, "सरकार, पाय ठीक आहे. तेल खाली होतं."

सरकार म्हणाले, "तुम्हीच लिहून दिलंत की तेल खाली नाही."

"खाली नव्हतं, सरकार. पण खाली होतं."

सरकारांनी माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. त्यांना ऊन लागल्याची शंका आली असावी. म्हणाले, होतं की नव्हतं? मी म्हणालो, गुणवंतच्या खालीने नव्हतं, माझ्या खालीने होतं. ते म्हणाले, तुमच्या खालीने म्हणजे गाडीच्या खाली? मी म्हणालो, नाही, काठाच्या. ते म्हणाले, मग गुणवंतच्या कशाच्या? दत्तात्रेय कधी माझ्याकडे बघे, कधी गाडीखाली वाकून बघे. मी तुपाच्या डब्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तेव्हा तर सरकारांचा चेहरा पाहवेना. शेवटी गुणवंत पुढे झाला, दोन बोटं एकमेकांजवळ धरून त्याने तेल किती उरलं होतं ते दाखवलं, मग सकाळच्या तीन रिकाम्या बाटल्या आणून सरकारांच्या पायाशी ठेवल्या. त्या बाटल्यांनी जे झालं ते माझ्या भाषेने झालं नसतं.

सरकारांनी एक बाटली उचलून उलटी केली. मग त्यांनी विचारलं, "हे सकाळी भरलंत?"

"हो, सरकार."

"आणि आत्ता सांगता."

मी मान खाली घातली. त्यांनी आवाज चढवला नाही. सुभानरावांना म्हणाले की उद्या सवारीत तुम्हीच बसा. दत्तात्रेय चटकन गाडीपाशी गेला आणि दार उघडं धरून उभा राहिला. सुभानराव मात्र जागचे हलले नाहीत. म्हणाले, नको, सरकार. महिनाभर मी त्या पायाला शिव्या दिल्यात. उद्या ऐन गर्दीत पाय अडखळला तर? पुढे हत्ती, मागे सगळी सवारी.

तेल भरता येत होतं. हे कसं भरायचं ते पुस्तकात नव्हतं.

सुभानराव माझ्याकडे वळले. म्हणाले, "पंत, गाडीत या."

मी गाडीचं पुस्तक कितीदा तरी वाचलं होतं, अकरा कलमं लिहिली होती, आणि त्या गाडीत मी एकदाही बसलो नव्हतो. पुढचं दार कसं उघडतं तेही मला ठाऊक नव्हतं. दत्तात्रेयने उघडून दिलं. मी शेजारी बसलो. सुभानरावांनी गियर निवडला आणि तसेच थांबले, पाय पेडलवर, दाबलेला नाही. मी त्यांच्या पायाकडे बघत होतो आणि तेही त्यांच्या पायाकडे बघत होते. मग त्यांनी तो दाबला. गाडी निघाली. मला काहीही जाणवलं नाही, आणि हेच जाणवायला हवं होतं, एवढं त्या क्षणी मला समजलं. आम्ही पुलापर्यंत गेलो. चढावर त्यांनी मुद्दाम गाडी थांबवली, पुन्हा निघाले, पुन्हा थांबवली, पुन्हा निघाले. शेवटच्या वेळी त्यांनी पायाकडे पाहिलं नाही.

पुलाच्या पलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली आणि विचारलं, "आता सांगा. काय दोष आहे पायात?"

"काही नाही."

"आणि तेव्हा काय होता?"

मी म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही, सुभानराव."

"मग तसं लिहून द्या. तुमच्या अक्षरात, सही करून. ते तसं लिहून दिलंत, तसंच हे."

माझ्या खिशात तपासणीचा एक कोरा कागद होता. त्याच्या पाठीवर, मांडीवर ठेवून, मी लिहिलं: 'मला मोटारीतले काही कळत नाही. सुभानराव सांगत होते ते खरे होते.' सही केली. मोत्याच्या दाण्यांसारखं काही आलं नाही, इंजिन चालूच होतं आणि कागद मांडीवर होता. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवला.

परतताना मी विचारलं की पागोटं आता एका दिवसात कोण बांधून देणार. ते म्हणाले, ते तेव्हाच बांधायला टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सवारी निघाली तेव्हा मी गर्दीत उभा होतो. हत्ती थांबले की गाडी थांबे, हत्ती निघाले की गाडी निघे, आणि आत सरकारांचा तुरा स्थिर. सुभानराव ताठ बसून समोर बघत होते. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा त्यांच्या नव्या पागोट्याच्या एका पेचात खोचलेला पांढरा कागद मला दिसला. घडी मी ओळखली.